सुनेच्या हाती लगाम

मे महिना संपत आला होता. आमच्या दरीतल्या निम्म्या घरांनी तंबूंचे लोकरी नमदे गुंडाळून, दोऱ्या आवळून ठेवल्या होत्या. वरच्या कुरणावर, जाइलूवर, निघायला आठवडा उरला होता आणि मी मात्र अंगणात बसून होतो. नारीन गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी माझ्या छातीला थंड रस फासला, त्यावर दांडा फिरवला आणि म्हणाल्या, "हृदयाची भिंत जाड झालीय."

"जाड म्हणजे बरंच की," मी म्हणालो. "घराची भिंत जाड असली तर हिवाळा बाहेर राहतो."

"ती भिंत कशाची आहे त्यावर आहे ते. नुसतं मांस वाढलं असेल तर एक गोष्ट. मांस जाऊन तिथं वण झाला असेल, किंवा भलतंच काही साठलं असेल, तर वेगळी. ते या यंत्रात दिसत नाही. बिश्केकला जा, चुंबकाच्या मोठ्या यंत्रात बघू दे त्यांना. तोवर घोडा नाही. आणि जाइलू तर नाहीच. तिथल्या विरळ हवेत काही झालं तर तुम्हाला खाली आणणार कोण?"

मला जाइलूवर न जाणं म्हणजे काय, हे त्या बाईंना कसं सांगणार? मी सिंची आहे. लोक माझ्याकडे घोडे आणतात. मी घोड्याभोवती फिरतो, त्याच्या नाकपुड्या बघतो, छातीखाली हात ठेवतो आणि सांगतो की हा लांबच्या शर्यतीत शेवटपर्यंत टिकेल की मध्येच मान टाकेल. कधी बरोबर येतं, कधी चुकतं. माझी बायको बुरुल चुकलेलेच लक्षात ठेवते. "तो तांबडा पहिला येणार म्हणाला होतास ना," ती अजून म्हणते, "बघ हं, येतच असेल."

त्या वर्षी माझ्याच घोडीच्या पोटचं एक करडं शिंगरू तयार होत होतं. उन्हाळाभर वर चारून, रोज थोडा थोडा पळवून, त्याला हेमंतातल्या शर्यतीसाठी घडवायचं होतं. आयुष्यात एवढा चांगला घोडा माझ्या हाताखाली आला नव्हता, आणि पुन्हा यायला माझ्यापाशी वर्षं नव्हती. ते काम दुसऱ्याच्या हाती देणं मला जमणारं नव्हतं.

मग मी आणि बुरुल बिश्केकला गेलो. तिथं राहणारा धाकटा मुलगा एर्मेक मालाचा ट्रक घेऊन ओशच्या वाटेवर होता, पण त्याची बायको मेरिम घरी होती, आणि नशिबाने तिचं काम त्याच चुंबकाच्या यंत्रावर होतं. तिनंच खटपट करून माझा नंबर लावला.

मेरिम गुणी मुलगी. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्याकडे पाठ करत नाही, त्याच्यापुढे आवाज चढवत नाही. हल्ली शहरात कोण पाळतं हे सगळं! पण मेरिम पाळायची. तिच्या बापाने, कोचकोरच्या एका घोडेवाल्याने, तिला तसंच वाढवलं होतं. एवढ्या वर्षांत ती माझ्याशी जे काही बोलली ते बहुतेक चहाच्या किटलीकडे बघून.

तपासणीच्या सकाळीही तिने मला 'अताके', म्हणजे बाबा, म्हणत किटलीलाच सगळं समजावलं. "अताके, कापाकापी काही नाही. शरीरात सगळीकडे पाणी असतं ना, त्याला यंत्र हलकासा धक्का देतं. मग ते पाणी परत शांत होतं. चरबीतलं झटकन होतं, मांसातलं जरा सावकाश, वणातलं आणखी सावकाश. कुठलं किती वेळात शांत झालं ते मोजलं की बाहेरून कळतं आत काय आहे."

मी वाटी खाली ठेवली. "अगं, हे तर मीच करतो. नवा घोडा आणला की त्याला मुद्दाम बिचकवतो आणि बघत उभा राहतो. किती वेळात शांत होतो त्यावरून त्याचं काळीज कळतं."

"हो का," बुरुल म्हणाली. "मग तो तांबडा काय अजून शांत होतोय?"

मेरिम हसू दाबत किटलीला म्हणाली, "फक्त एक आहे. मोजताना हृदय जागचं हलता कामा नये. हृदय काही थांबवता येत नाही. म्हणून श्वास..." आणि पुढे तिने आणखी चहा ओतला.

दवाखान्यात तिच्या जोडीला विक्तोर नावाचा तांबड्या केसांचा धिप्पाड माणूस होता. माझ्या उघड्या छातीला हात लावणं मेरिमला शक्य नव्हतं, म्हणून ठोके मोजायच्या चिकट टिकल्या त्यानेच लावल्या आणि दंडात औषधाची सुईही त्यानेच टोचली. कुणाला आत न्यायचं त्याचं नाव मोठ्याने विचारायचा तिथला नियम. मेरिम दाराशी उभी राहून नुसतीच माझ्या टोपीकडे बघत राहिली.

"विचार की," विक्तोर म्हणाला.

"तू विचार."

"तुझे सासरे आहेत, तुला माहीत नाही होय?"

"माहीत आहे म्हणूनच नाही विचारत."

शेवटी मीच सांगितलं, इरिसबेक. मेरिमने कान झाकल्यासारखा चेहरा केला.

मग विक्तोरने अंगावर लोखंड आहे का ते तपासलं, आणि माझ्या बंडीच्या शिवणीत खोचलेली सुई सापडली. नजर लागू नये म्हणून बुरुलने खोचली होती.

"आजी, ही काढावी लागेल. चुंबक ओढेल."

"आणि आत नजर लागली तर?"

"आत बघायला कोण असणार, आजी?"

"अरे, बघायलाच घालताय ना त्याला आत?"

विक्तोरने सुई वाटीत ठेवली, मला फळीवर झोपवलं, कानांवर झाकणं चढवली. मेरिम माझ्याकडे तोंड ठेवूनच उलट्या पावलांनी खोलीबाहेर निघाली आणि तिचा खांदा दाराला धडकला. फळी सरकत आत गेली.

आत तसं काही वाईट नव्हतं. बर्फात अडकून रात्र काढावी लागते तेव्हा घोड्याच्या पोटाशी जेवढी जागा मिळते, तेवढी होती. कानात एका रशियन बाईचा आवाज आला. "श्वास घ्या. श्वास सोडा. श्वास रोखा."

"बरं, पोरी," मी म्हणालो.

यंत्राने घण घातल्यासारखा आवाज केला आणि थांबलं. मग बुजुर्गांना हाक मारतात तशी हाक मारून विक्तोर बोलला, "अक्साकाल, बोलायचं नाही."

"नाही बोलत, बाळा."

"आत्ताही बोललात."

"तू सांगितलंस म्हणून."

"मी सांगितलं तरी बोलायचं नाही. ती बाई खरी नाही. भरून ठेवलेला आवाज आहे."

"बरं, बरं."

परत ती बाई आली. मी ठरवलं होतं गप्प राहायचं. पण श्वास रोखा म्हटल्यावर 'बरं' आपोआप बाहेर पडलं, आणि त्याबरोबर श्वासही. कुणी आपल्याला काही सांगितलं आणि आपण दगडासारखं पडून राहिलो, असं मला कधी शिकवलेलंच नाही. अशा माणसापुढे आमच्याकडे पंगतीत मानाचं मेंढीचं डोकं कुणी ठेवत नाही. आणखी दोनदा तेच झालं.

"मेरिम," विक्तोरचा आवाज लांबून आला, "तूच सांग बाई यांना. तुझं ऐकतील."

मग पाखराने चोच वाजवावी तेवढा आवाज आला. "अताके, तुम्हाला त्रास होणार नसेल, तर मेहेरबानी करून जरा श्वास घ्यावा..."

मी घेतला.

"...आणि मग तुमच्या सवडीने, हळूच, तो सोडावा..."

तोवर माझा सुटून दुसरा चालू झाला होता.

"...आणि मग, थोडा वेळ..." इथे ती अडली. तो शब्द तिच्या तोंडून निघेना. मला तिचं कळत होतं. सासऱ्याला श्वास थांबवा म्हणायचं! आमच्याकडे सुनेने तसं म्हणणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. आणि जेवढं अदबीने बोलावं तेवढं ते लांबतं. माणसाचा श्वास काही तेवढा लांब नसतो.

"थोडा वेळ काय?" विक्तोर.

"मला नाही जमणार," मेरिम म्हणाली.

मग खरखर झाली, खुर्ची सरकली, आणि ओळखीचा आवाज कानात घुसला. "म्हाताऱ्या, ऐकू येतंय?"

"येतंय."

"तोंड मीट. श्वास घे. सोड. आता बंद!"

आणि मी बंद झालो. जन्मभराची सवय. यंत्राने मनसोक्त घण घातले. बाहेर विक्तोर ओरडला, "आलं! एक चांगलं आलं!"

"घे," बुरुल पुढे म्हणाली. "सोड. बंद. हं, अस्साच. लग्नानंतर एवढा गप्प पहिल्यांदाच बघतेय तुला."

मला हसू फुटलं. फळीसकट हललो.

"आजी, तेवढेच शब्द बोला. पुढचं नको."

"तेवढ्यात याला काय कळतंय? घे. सोड. बंद. आणि गावी गेलास की गोठ्याच्या छपराचं बघ."

या खेपेला हसताना मला ठसकाच लागला. तेवढ्यात बाहेर तिसऱ्याच बाईचा आवाज आला. डॉक्टर चोल्पोन. माझी सगळी चित्रं त्याच बघणार होत्या. त्या रागावल्या नव्हत्या.

"अक्साकाल, एक सोडून सगळी चित्रं पुसट आलीत. अशा चित्रांवरून मी तुम्हाला वर जा म्हणणार नाही. औषध दंडात गेलंय, त्याचं चित्र घ्यायची वेळ आत्ताची. आज नाही जमलं तर पुढचा नंबर जूनच्या शेवटी. नाहीतर मग जांघेतून तार घालून हृदयाचा एक कण काढून बघावा लागेल. मला ते नको आहे, तुम्हालाही नको असणार."

जूनच्या शेवटी! तोवर गवत गुडघाभर आलेलं असणार, आणि करड्याला दुसऱ्याच कुणीतरी वाटेल तसं दामटलेलं असणार. शिंगरू एकदा बिघडलं की बिघडलं. मी त्या नळकांड्यात डोळ्यांसमोरच्या पांढऱ्या छताकडे बघत पडलो होतो. हसू कुठल्या कुठे गेलं.

"मेरिम," मी हाक मारली. "आहेस ना?"

"आहे, अताके."

"तुझ्या बापाकडे शिंगरं होती. एखादं पुढे सरकेना तर काय करायचीस?"

"अताके, आत्ता हे..."

"मी विचारतोय."

"चू म्हणायचे."

"आणि उधळलं तर?"

ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "द्रर्र."

"झालं तर. मला शब्द सांगूच नकोस. चू म्हटलंस की श्वास घेऊन सोडेन. द्रर्र म्हटलंस की थांबेन."

"अताके! तुम्हाला? घोड्यासारखं?"

"सुनेनं सासऱ्याला हुकूम करायचा नाही, कबूल. पण सासऱ्याचा हुकूम मोडायचाही नाही ना? मग हा माझा हुकूम."

बुरुल खो खो हसली. "फसलीस गं पोरी. त्याचं डोकं असल्याच वेळी चालतं."

मेरिमने श्वास आत ओढलेला मला कानात ऐकू आला. आणि ती म्हणाली, "चू."

मी घेतला, सोडला.

"द्रर्र."

मी जन्मभर हा आवाज काढत आलोय. माझ्यावर तो कुणी कधी काढला नव्हता. काय सांगू, विचार करायला लागलाच नाही. पोटातला वारा होता तिथंच उभा राहिला. 'बरं' म्हणायचीही आठवण झाली नाही, कारण घोडा कुठं बरं म्हणतो? घण पडले, थांबले.

"चू," ती म्हणाली, आणि मी सुटलो.

पहिल्या दोन खेपांना तिचा आवाज कापत होता. मग तो बसला. मग तो मोकळा झाला, छातीतून येणारा, ओढ्याच्या पलीकडच्या घोड्यालाही ऐकू जाईल असा. एवढ्या वर्षांत मी माझ्या सुनेचा खरा आवाज ऐकलाच नव्हता. कोचकोरच्या घोडेवाल्याची ती मुलगी आत्ता मला भेटत होती, तेही मी उताणा, छातीवर टिकल्या लावून पडलेला असताना. चू. द्रर्र. चू. द्रर्र. बाहेर विक्तोर म्हणत होता, "सुरेख, सुरेख," आणि मध्ये एकदा, "माझ्या आख्ख्या नोकरीत असं नाही बघितलं." मला वाटलं, या मुलीच्या हातात लगाम असेल तर कुठलंही शिंगरू बिघडणार नाही.

फळी बाहेर आली तेव्हा मेरिम कुठंच नव्हती. लाजून चहाच्या खोलीत जाऊन बसली होती.

डॉक्टर चोल्पोननी आम्हाला पडद्यापुढे बसवलं. माझं हृदय आडवं कापल्यासारखं दिसत होतं, मधोमध भोक असलेल्या जाड भाकरीसारखं, आणि कापलेलं तर काहीच नव्हतं. जवळजवळ सगळं हिरवं. बाहेरच्या कडेला एक बारीक तांबडी रेघ.

"हिरवं ते चांगलं मांस," त्या म्हणाल्या. "भिंत जाड झाली ती रक्तदाबाने. गोळ्या घेतल्या तर आटोक्यात राहील. मला ज्याची भीती होती ते साठलेलं नाही. ही तांबडी रेघ म्हणजे वण. जुना आहे. कधीतरी जोराचा ताप येऊन हृदयाला सूज आली असेल, तुम्हाला कळलंही नसेल."

"त्याला अंगाखाली घोडा असला की काहीच कळत नाही," बुरुल म्हणाली. पण तिने माझी बाही धरून ठेवली होती, हे मला दिसत होतं.

मी त्या रेघेकडे बराच वेळ बघितलं. घोड्याच्या पायावर जुना वण दिसला की मी त्याला टाकून देत नाही. कसा चालवायचा ते ठरवतो. "मग डॉक्टर, हा घोडा वर जाऊ शकतो का?"

"जाऊ शकतो. पण मी म्हणते तसा. खालच्या तळावर राहायचं, जिथं गाडी पोचते. गोळी एक दिवस चुकवायची नाही. घोडा म्हातारा आणि संथ चालणारा. पळवायचा नाही, खिंड चढायची नाही."

"आणि काझी?" घोड्याचं मांस ठासून भरलेलं ते जाडजूड आतडं डोळ्यांपुढे आलं.

"नाही."

"मिठाचा चहा?"

"बिनमिठाचा."

"मग वर जाऊन करू काय?"

"जगा," डॉक्टर म्हणाल्या.

बिश्केकहून परतताना गाडीत बुरुल बोअमच्या घळीपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "हिरवं होतं रे. केवढं हिरवं होतं." आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

आठवड्यात आम्ही वर गेलो. खालच्या तळावर, रस्त्याला लागून. गवत तिथंही चांगलं होतं. करड्याच्या पाठीवर शेजाऱ्याचा बाकित बसायचा, हलक्या अंगाचा जवान गडी, आणि मी काठी घेऊन मध्ये उभा राहायचो. "सोड. आणखी सोड. आता धर." संध्याकाळी घोड्याच्या छातीखाली हात ठेवून ठोके बघायचो, किती वेळात शांत होतात ते. रोज थोडं लवकर. मी माझी म्हातारी घोडी घेऊन ओढ्यापर्यंत जायचो आणि यायचो. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. नाही म्हणायला, करड्याच्या पाठीवर मी एकदाही बसलो नव्हतो.

जुलैत मेरिम सुट्टी घेऊन आली. घोड्या दोहायला तिच्याइतका चांगला हात आमच्यात कुणाचा नाही. एका सकाळी बाकित करड्याला खोगीर चढवून हात धुवायला ओढ्यावर गेला. बुरुल शेजारच्या नमद्याच्या घरात घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस घुसळत गप्पा मारत होती. करड्याने माझ्याकडे बघून कान पुढे केले. मी म्हटलं, पळवायचा तर नाहीच. नुसतं बसून बघायचं, पाठ कशी आहे ते. सिंचीला पाठ कळायला नको? मी लगाम हातात घेतला, आजूबाजूला बघितलं, आणि डावा पाय रिकिबीत घातला.

मेरिम चुलीशी बसली होती. तिने बघितलं. सून सासऱ्याला काय म्हणणार? नको म्हणता येत नाही. उतरा म्हणता येत नाही. तिने मान खाली घातली, किटलीकडे बघितलं.

"द्रर्र," ती म्हणाली.

घोडा थबकला. मीही थबकलो. एक पाय रिकिबीत, एक जमिनीवर, आणि श्वास पोटात तसाच. पलीकडून बुरुल डोकं बाहेर काढून बघत होती, आणि तिच्यामागे शेजारीण.

मी पाय काढून घेतला. लगाम खुंटाला गुंडाळला आणि करड्याच्या मानेवर थाप मारली, जणू तेवढ्यासाठीच आलो होतो.

"चू," किटलीकडे बघतच मेरिम हळूच म्हणाली, आणि मी श्वास सोडला.

"चहा झालाय, अताके."

मी जाऊन बसलो. बिनमिठाचा होता. दोन वाट्या प्यायलो.